गुढीवरचं पाखरू

आमच्या घरी सण दोनदा यायचे. एकदा तिथीला आणि एकदा शनिवारी. शनिवारचा सण महाराष्ट्र मंडळाचा. एका प्राथमिक शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतलेलं, लहान मुलांच्या उंचीची टेबलं, त्यांवर चंदेरी ट्रेमधून मसालेभात आणि बटाट्याची भाजी, आणि बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले डॉक्टर आणि इंजिनियर काका. तिथीचा सण मात्र, मला वाटतं, त्या अख्ख्या भागात फक्त आमच्याच घरी व्हायचा, कारण आईला दुसरा मान्यच नव्हता. "पाडवा म्हणजे काय डेंटिस्टची अपॉइंटमेंट आहे, सोयीने पुढे ढकलायला?" असं ती मंडळातल्या काकूंना फोनवर ऐकवायची. काकू हसायच्या. आई हसायची नाही. कराडहून तिच्या भावाने पाठवलेलं पंचांग फ्रिजवर चुंबकाने लावलेलं असायचं आणि आमच्या घरात तेच चालायचं.

घर अमेरिकेच्या दक्षिणेत, मॉरिसव्हिलच्या बाहेर, भाड्याचं. आज तिथे जाऊन पाहिलं तर दर कोपऱ्यावर किराणा आणि डोसा मिळतो, पण तेव्हा गावात चर्च, पेट्रोलपंप, रेल्वेचे रूळ आणि पाइनची झाडं एवढंच होतं. बाबा जवळच्या संशोधन पार्कमधल्या एका कंपनीत इंजिनियर. सकाळी सातला ते गाडी काढायचे, त्याच सुमारास मालगाडी जायची, आणि स्वयंपाकघरातली भांडी मांडणीवर किणकिणायची. आई म्हणायची, हे माझं घड्याळ. एप्रिलमध्ये पाइनचा पिवळा पराग सगळीकडे पसरायचा: गाडीवर, पायऱ्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर. रोज सकाळी आई पोर्च झाडायची आणि दुपारपर्यंत पुन्हा हळद सांडल्यासारखा तो पिवळा व्हायचा. श्रीखंडासाठी दह्याचे डबे पंच्यात बांधून बाथटबच्या नळाला टांगलेले असायचे, त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवशी आंघोळी बाबांच्या बाथरूममध्ये. तिथे टबच नव्हता, म्हणून ते बाथरूम श्रीखंडाच्या कामाचं नव्हतं.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि मला याद्या करायचा नाद होता. तो अजून आहे. एका मोठ्या इस्पितळात शस्त्रक्रियागृहांचं वेळापत्रक मी सत्तावीस वर्षं सांभाळते आहे, आणि लोकांना वाटतं मी हे कुठे तरी शिकले. शिकले नाही. सातव्या वर्षी भारतातून आले तेव्हा मला या देशातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणारी गोष्ट ओळीत मांडली की तिची भीती कमी होते हे मला लवकर समजलं होतं. बसमधल्या मुलांची यादी, डब्यात काय न्यावं आणि काय नेऊ नये याची यादी, आणि मग पक्ष्यांची. वाचनालयात दर महिन्याला निसर्ग मंडळाची बैठक व्हायची. तिथे सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि मी. नोंदी ठेवायचं काम मिस्टर प्रुइट यांच्याकडे. निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, उन्हाने लाल झालेली मान, खिशात दोन पेन्सिली आणि एक पेन. आमच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वसंतात कुठला पक्षी आधी कुठे दिसला याची कार्डं त्यांनी लाकडी खोक्यांत वर्षानुवर्षं लावून ठेवली होती. ती खोकी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला जे वाटलं ते दुसऱ्या मुलींना बाहुलीघर पाहून वाटत असावं.

सगळ्यांत मान असायचा पहिल्या हमिंगबर्डच्या कार्डाला. हे पाखरू अंगठ्याएवढं. हिवाळा मेक्सिकोच्या पलीकडे काढतं, आणि वसंतात अखंड समुद्र ओलांडून उत्तरेला येतं. आधी नर येतात, लाल गळ्याचे. आमच्याकडे ते साधारण एप्रिलच्या मध्याला पोचायचे. ज्याला पहिला दिसेल त्याचं नाव मंडळाच्या पत्रकात छापून येई. कार्डावर खाली तीन चौकटी होत्या: निश्चित, बहुधा आणि अमान्य. एक नियमही होता. नेहमीच्या तारखेच्या फार आधी कोणी पाहिल्याचं सांगितलं तर दोन साक्षीदार लागत आणि त्यांतला एक प्रौढ हवा. नियम मला पाठ होता. तो रास्त आहे असंही मला वाटायचं.

मार्चच्या शेवटी मी वाढदिवसाच्या पैशांतून लाल प्लॅस्टिकच्या फुलांची, साखरपाण्याची बाटली विकत आणली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगली. एक भाग साखर, चार भाग पाणी, असं पाकिटावर लिहिलं होतं. मी शाळेत असताना आईने ते वाचलं आणि तिला ते पटलं नाही. एवढा समुद्र ओलांडून कोणी दारात येतो आणि त्याला नुसतं गोडसर पाणी द्यायचं? तिने गुलाबजामला करतात तसा एकतारी पाक केला, वर दोन वेलदोडे कुटून घातले आणि बाटली भरून टाकली. मला सांगितलंही नाही. चांगल्या कामाचा गवगवा करायची तिला सवय नव्हती.

पाडवा त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, गुरुवारी आला. आदल्या संध्याकाळी आई आणि बाबा यांच्यात दरवर्षीचा वाद झाला. बाबांचं म्हणणं, गुढी दिवाणखान्यात, खिडकीच्या आत उभारावी. मागच्या तीन वर्षांत तशीच उभारली होती.

"आत कशाला?" आई म्हणाली. "गुढी काय कोट आहे, खुंटीला अडकवायला? ती बाहेरच्यांना दिसायला हवी."

"अगं पण बाहेरचे म्हणजे इथले बाहेरचे. काठीवर भांडं उपडं घातलेलं, खाली कापड. लोक विचारतील."

"विचारू देत. तोंड आहे मला."

"इंग्लिश नाही ना पण," बाबा म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच जोडलं, "मी ऑफिसला असतो, तू एकटी घरी. उगाच कटकट नको, एवढंच."

आई काही बोलली नाही. ती बोलली नाही की वाद संपला असं बाबा धरून चालायचे. ही त्यांची जुनी चूक.

गुरुवारी सकाळी बाबांची गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, मालगाडी गेली, भांडी किणकिणली, आणि आईने बेडरूममधल्या पडद्याची लाकडी दांडी काढली. डाळिंबी रेशमी खण, जरीच्या काठाचा, निऱ्या घालून तिला बांधला. पेट्रोलपंपामागे बकाणा निंबाचं झाड तिने हेरून ठेवलं होतं. त्याची नुकती फुटलेली डहाळी, अंगणातली लाल अझेलियाची फुलं, आणि मफिनच्या साच्यात दोरा ठेवून घरीच पाडलेल्या साखरेच्या गाठी. वर चांदीचा तांब्या उपडा. पोर्चच्या कठड्याला तिने ती काठी बाबांच्या दोन जुन्या टायांनी घट्ट बांधली. पोर्च पूर्वेचा होता. झाडांमधून ऊन आलं आणि तांब्या चमकला. मी बसची वाट बघत दप्तर घेऊन पायरीवर उभी होते, आणि खरं सांगायचं तर माझी नजर रस्त्याकडे होती, बसमधली मुलं हे बघणार म्हणून. मला बाबांचंच पटत होतं.

समोरच्या मिसेस बॅरो कुत्र्याला घेऊन जात होत्या. थांबल्या, मान तिरकी करून बघितलं, आणि गोड आवाजात म्हणाल्या, "हनी, मार्टिनसाठी केलंय का ते? छान आहे हं. पण आईला सांग, भोक खाली ठेवलं तर कुठलाच पक्षी आत शिरायचा नाही."

त्या भागात लोक पोकळ भोपळे खांबांवर टांगतात, मार्टिन नावाच्या निळ्या पाकोळ्यांनी त्यांत घरटी करावी म्हणून. मिसेस बॅरोंना तांब्या म्हणजे तसलाच भोपळा वाटला. मी आईला सांगितलं. आईने कुंकवाचं बोट तांब्यावर टेकवलं आणि म्हणाली, "त्यांना म्हणावं, आज भाड्याने द्यायचं नाहीये."

मी हे भाषांतर करायच्या विचारात असतानाच आवाज आला. शिवणयंत्राचं चाक मोकळं फिरवावं तसा. माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं आणि खणासमोर, जरीच्या काठापासून वीतभर अंतरावर, हवेत उभं राहिलं. काळपट, बारीक, पंख दिसत नाहीत इतके वेगात. आधी अझेलियाच्या फुलात चोच गेली, मग दुसऱ्या फुलात, मग ते खणाच्या निऱ्यांसमोरून खालपासून वरपर्यंत गेलं, दुकानात बायका कापड बघतात तसं. मग गाठीच्या दोऱ्यावर बसलं. बसलं, हे महत्त्वाचं. पंख मिटले, एका पायाने मान खाजवली, दोनदा चिकचिक असा आवाज केला, आणि उन्हाकडे वळलं. काळा गळा एकदम लाल झाला, निखाऱ्यावर फुंकर मारावी तसा. मग ते नव्हतंच तिथे.

"शिंजीर!" आई म्हणाली. कराडला त्यांच्या परसात जास्वंदीवर येणारं पाखरू. मग स्वतःच म्हणाली, "नाही, तो नव्हे. त्याचा भाऊबंद."

मिसेस बॅरो कोपऱ्यावरून वळल्या होत्या, त्यांनी काही पाहिलं नाही. बस येऊन, थांबून, गेली. मी ती जाताना बघितली आणि हललेही नाही. आई हे वाचते आहे, आणि तिचं म्हणणं की बस थांबलीच नव्हती. मी वेळापत्रकं सांभाळणारी बाई आहे. बस थांबली होती.

दुपारी आईने मला चालत शाळेत सोडलं. शाळेच्या वाचनालयात बसून मी कार्ड भरलं: तारीख, वेळ, जागा, वर्णन नऊ ओळी, साक्षीदार आई. परत येताना ते गावातल्या वाचनालयात ठेवलेल्या निसर्ग मंडळाच्या पेटीत टाकलं; मिस्टर प्रुइट ती रोज संध्याकाळी उघडायचे. घरी येऊन आईला म्हटलं, गुढी शनिवारपर्यंत राहू दे. तो परत येईल. मिस्टर प्रुइट बघायला आले तर त्यांना दिसायला हवा.

"सूर्य मावळायच्या आत उतरवायची."

"पण दोनच दिवस, आई. कुणाला कळणारे?"

"मला," आई म्हणाली. "त्या साहेबाच्या सोयीसाठी तिथी बदलायची असती तर मंडळातलाच पाडवा केला असता की." आणि सूर्य पाइनच्या शेंड्यांना टेकल्यावर तिने हळद-कुंकू वाहून, साखर ठेवून गुढी उतरवली. मी आत जाऊन दार आपटलं. तिने ते ऐकलं नाही असं दाखवलं. बाबा घरी आले तेव्हा दांडी पुन्हा पडद्यात होती आणि खण पेटीत. त्यांचे टाय मात्र कठड्यालाच राहिले होते. ते हातात घेऊन बाबा आत आले, आईकडे बघितलं, आणि टाय कपाटात अडकवले.

त्याच संध्याकाळी जेवताना फोन वाजला. बाबांनी भिंतीवरचा रिसिव्हर उचलला आणि त्यांची पाठ ताठ झाली. समोर अमेरिकन आवाज असला की व्हायची. "येस. येस, शी इज माय डॉटर. ओह. आय सी. ऑफ कोर्स. सॉरी फॉर द ट्रबल, सर." मग हाताने रिसिव्हर झाकून माझ्याकडे वळले. "मिस्टर प्रुइट. म्हणतात, फार लवकरची तारीख आहे. आणि बाटली असताना कापडावर कशाला येईल? हमिंगबर्डसारखा दिसणारा एक मोठा पतंग असतो, मॉथ, किड्यांतला, तसाच हवेत उभा राहतो. लोक नेहमी फसतात म्हणाले. पतंग म्हणून लिहितो, चालेल ना?"

"नाही."

"मेधा, ते नीट बोलतायत. पतंग तर पतंग. काय बिघडतं?"

"मी पतंग पाहिला नाही."

"अगं, एक्स्पर्ट आहेत ते!"

"मग त्यांना नियम माहीत असेल. दोन साक्षीदार, त्यांतला एक प्रौढ. माझ्याकडे प्रौढ साक्षीदार आहे. त्यांनी तिला विचारलंच नाही."

बाबा आईकडे बघायला लागले. आई ताटात ताकभात कालवत होती. वर न बघता म्हणाली, "बोलवा त्यांना."

बाबांनी ते भाषांतर केलं नाही. मी उठून त्यांच्या हातातून रिसिव्हर घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच. मी म्हटलं, माझी आई साक्षीदार आहे, आणि तिची साक्ष न घेता कार्ड फेटाळणं हे तुमच्याच नियमात बसत नाही. पलीकडे कार्ड उलटून पाहिल्याचा आवाज आला. मग म्हणाले, शनिवारी सकाळी दहाला येतो.

शनिवारी सकाळी दहा म्हणजे मंडळाच्या पाडव्याची वेळ, आणि श्रीखंड आमच्याकडे होतं. मंडळातल्या कुलकर्णी काकूंचा फोन दोनदा आला. दुसऱ्या वेळी आई म्हणाली, "उशीर होईल हो. घरी चौकशी आहे." काकूंनी घाबरून विचारलं, कसली, इमिग्रेशनची? आई म्हणाली, "नाही, पाखराची," आणि फोन ठेवला.

मिस्टर प्रुइट जुन्या ट्रकमधून उतरले. गवती टोपी, हातात फाइल आणि पक्ष्यांचं पुस्तक. बाबांनी हस्तांदोलन करता करता दोनदा सॉरी म्हटलं. प्रुइट आधी खिडकीकडे गेले, बाटली काढली, उलटी केली. थेंबही पडला नाही. लाल फुलांच्या भोकांत पाक साखरेचे खडे होऊन बसला होता. त्यांनी झाकण काढून वास घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी अजून विसरलेले नाही. "यात काय घातलंय?"

मी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला कळलं.

"वेलदोडे," आई हळूच म्हणाली. "पाहुणा म्हणून." मला तिचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी कुणी तिला हसलं तर मी चावेन असं वाटलं.

"यातून मुंगीलाही पिता यायचं नाही," प्रुइट म्हणाले. "म्हणजे बाटलीवर काही आलेलं नाही. आणि ती काठी, ते कापड, तेही आता नाही. मग माझ्यासमोर काय आहे?"

"माझी आई आहे," मी म्हटलं.

ते मान हलवून पोर्चच्या खुर्चीवर बसले. पुस्तक मांडीवर मिटलेलंच ठेवलं. म्हणाले, चित्र एकदा दाखवलं की सगळ्यांना तेच दिसलेलं असतं. मग आईला विचारलं, काय पाहिलं ते सांगा. आईला इंग्रजी कळायचं. बोलायला मात्र ती दुकानापुरतंच वापरायची, आणि परक्या माणसाने परीक्षा घेतल्यासारखं विचारलं की तेवढंही गोठायचं. ती मराठीत बोलली. बारीक होता, गळा काळा, मग उन्हात लाल, गाठीवर बसला. मी भाषांतर केलं. मी आकार सांगितला, चोचीची लांबी सांगितली, शेपटी, आवाज, दिशा, सगळं सांगितलं.

प्रुइटनी पेन टोपण लावून खिशात ठेवलं. "त्या चार शब्द बोलल्या, तू चाळीस. ही साक्ष त्यांची नाही बेटा, तुझीच आहे. दुसऱ्यांदा."

आणि ते बरोबर होतं. आज माझ्या खात्यात कोणी असं केलं तर मीही हेच म्हणेन. पण तेव्हा मला ते ऐकवेना. बाबा समजुतीच्या आवाजात म्हणाले, "लेट इट गो, बेटा. पुढच्या वर्षी नीट बघू."

आई आत निघून गेली. मला वाटलं, संपलं. मग केरसुणीचा आवाज आला. तिने पोर्चवरचा पिवळा पराग झाडून हातभर जागा स्वच्छ केली, रांगोळीचा डबा घेऊन प्रुइटच्या बुटांसमोर मांडी घालून बसली, आणि चिमटीतून एक रेघ सोडली. आईची रेघ कधी अडखळत नसे. आधी चोच, दाभणासारखी सरळ, डोक्याहून लांब. मग पाठीची कमान. पाय काढले नाहीत, नुसते गाठीच्या दोऱ्याच्या रेघेवर दोन ठिपके. शेपूट मधे चिरलेली. पोटाशी पांढरं भरलं, पाठीला पुडीतला हिरवा रंग. मग तिने आत जाऊन मोहरीचा डबा आणला आणि गळ्याच्या जागी मोहरी भरली, दाणा दाणा बोटाने सारखा करत. काळा कुळकुळीत गळा.

प्रुइट खुर्चीतून पुढे वाकले. "पुस्तकांत हा गळा लाल असतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सगळ्या पुस्तकांत. मॅडम, काळा का?"

मी तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग करंडा उघडला, आणि मोहरीच्या अर्ध्या भागावर, जिकडून ऊन येत होतं तिकडच्या, कुंकू भुरभुरवलं. "फर्स्ट ब्लॅक," ती म्हणाली. "देन शी टर्न. सन साइड. देन फायर."

"शी नव्हे, 'ही'," प्रुइट म्हणाले. "तो नर आहे."

"ही टर्न," आईने दुरुस्त केलं. "सेम बर्ड. नॉट टू बर्ड. अँड सिट." तिने दोऱ्यावरच्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग एका हाताने स्वतःची मान खाजवून दाखवली, कोपर खांद्यावरून नेऊन, हुबेहूब. "मॉथ डू लाइक धिस?"

प्रुइटना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. गुडघे वाजवत ते खाली उकिडवे बसले आणि त्या रांगोळीकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांनी पुस्तक उघडलं नाही. शेवटी म्हणाले, "माझ्या मंडळात वीस वर्षं पक्षी बघणारी माणसं आहेत. त्यांतल्या निम्म्यांना हे लक्षात आलेलं नाही." त्यांनी फाइलमधून माझं कार्ड काढलं, गुडघ्यावर ठेवलं, आणि मधल्या चौकटीत खूण केली. बहुधा.

"बघ," बाबा पटकन म्हणाले, "झालं की! दॅट्स व्हेरी गुड. थँक यू, सर."

"मला कार्ड परत द्या," मी म्हटलं.

"मेधा!"

"बहुधा नको मला. त्यापेक्षा फाडून टाका. लवकरची तारीख म्हणून यांनी प्रौढ साक्षीदार मागितला. तो मिळाला. मग अजून बहुधा कशासाठी? काय कमी आहे ते सांगा, नाहीतर कार्ड परत द्या."

प्रुइट मानेपासून कानापर्यंत लाल झाले. म्हणाले, बहुतेक लोकांना बहुधा मिळालं तरी आनंद होतो, घरी जातात. आईने मला विचारलं, काय लिहिलंय त्यांनी? मी सांगितलं. या वेळी एकच शब्द, कमीजास्त नाही.

आई उठली नाही. बसल्या जागेवरून तिने प्रुइटच्या हातातलं पेन घेतलं, आपलं असल्यासारखं, आणि कार्ड त्यांच्या गुडघ्यावरच असताना मधल्या चौकटीतली खूण आडव्या रेघेने खोडली. पहिल्या चौकटीत नवी खूण केली. खाली साक्षीदाराच्या ओळीवर देवनागरीत सही केली, पूर्ण नाव, आडनावापर्यंत, एक अक्षर न गाळता. पेनावर रांगोळी लागली होती, ती पदराने पुसून तिने पेन परत दिलं.

"सॉरी, सर," बाबा म्हणाले, "शी डझन्ट..."

"सॉरी कशाबद्दल?" आईने विचारलं.

पाइनमधून वारा येत होता आणि कुंकवाचे कण कडेकडेने हलत होते. प्रुइटनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं. सही बघितली. मंडळाच्या नियमाप्रमाणे कार्डावर खाडाखोड झाली तर नोंदणी करणाऱ्याने शेजारी आपली आद्याक्षरं घालायची असतात, नाहीतर ते कार्ड बाद. हा नियम मलाही पाठ होता, म्हणून मी त्यांच्या पेनाकडे बघत होते. त्यांनी आद्याक्षरं घातली. तारीख घातली. कार्ड फाइलमध्ये ठेवून रबर लावलं.

मग ते उठले, टोपी घातली, आणि अडचणीत पडले, कारण पोर्चवरून उतरायच्या पायऱ्या आणि ते स्वतः यांच्या बरोबर मधे रांगोळी होती. बाबा म्हणाले, तुडवा हो, पुसायचीच आहे. प्रुइटनी त्यांच्याकडे जरा कडक नजरेने बघितलं, फाइल माझ्याकडे दिली, आणि सत्तरी उलटलेला तो माणूस कठड्यावर पाय टाकून, अझेलियाच्या झुडपाला धरत, अंगणात उतरला. फाइल परत घेतली. आईला टोपीला हात लावून म्हणाले, बाटलीत पुढच्या वेळी वेलदोडे नकोत, मॅडम.

"ओके," आई म्हणाली. "नो वेलदोडे. बट नेक्स्ट इयर ऑल्सो गुढी. एव्हरी इयर. आउटसाइड."

बोलत होती प्रुइटांशी, बघत होती बाबांकडे.